अघोष

"बहरी हो क्या, दीदी?" एवढंच तो माणूस म्हणाला. दुर्वाचा दंड धरून त्याने तिला मागे ओढलं होतं आणि मालाने लादलेली एक लोडिंग ऑटो तिच्या ओढणीला घासून पुढे गेली होती. जबलपूरच्या कमानिया गेटपाशी दुपारची नेहमीची दाटी होती, कुणी वळून पाहिलं नाही. माणसाने तिचा दंड सोडला, हातातली पिशवी सावरली आणि तो गर्दीत मिसळून गेला. हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. रस्त्यात, भाजीच्या ठेल्यापाशी, घरात. आईने तिला आणि प्रणोतीला लहानपणी कितीदा विचारला असेल. त्याला उत्तर द्यायचं नसतं. पण दुर्वा कमानीच्या सावलीत उभी राहिली आणि तिच्या घशाशी खरंखुरं उत्तर आलं. जवळच्या दुकानातल्या बाईने कानावर ठेवलेला हात अजून काढला नव्हता, पायरीवरचे दोघे जण कपाळाला आठ्या घालून ऑटो गेली त्या दिशेने बघत होते. म्हणजे हॉर्न वाजला होता. बराच वेळ वाजला असावा. दुर्वा प्रणोतीच्या साखरपुड्याच्या ब्लाउजची लेस आणायला आली होती. ती न घेताच घरी परतली.

आवाज एकदम गेले नव्हते. आधी बारीक गेले. सकाळी गॅलरीत चिमण्या यायच्या, त्या येईनाशा झाल्या. "या वर्षी चिमण्या येऊनच नाही राहिल्या," असं ती आईला म्हणाली होती, आणि आई तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली होती. नंतर फोडणीचं तडतडणं गेलं, मोहरी डब्यातून तेलात पडून काळी होई ती मुकाट्याने. मग लोकांच्या शब्दांचे शेवट गेले. शब्द येत, पण शेपूट तुटलेल्या पालीसारखे येत. गेलेल्या आवाजांच्या जागी एक गुणगुण येऊन बसली. गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्याखाली उभं राहिल्यावर येते तशी. ती झोपताना असे, उठताना असे, आणि तिच्यामागे काहीतरी उभं आहे असं सारखं वाटे. माणसं आता पावलांशिवाय येत. पाठीमागे कुणी नाही म्हणून ती वळायची तर आई उभी असायची, किंवा प्रणोती, किंवा विभागातला शिपाई, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं असायचं की आपण बराच वेळ बोलत होतो. ती दचकायची. दचकणं लपवायला हसायची. कुणी विनोद केला की ती इतरांचे चेहरे पाहायची आणि ते फुलले की आपलाही फुलवायची, क्षणभर उशिराने. एकदा आरशात केस विंचरताना ते हसू तिने नुसतंच करून पाहिलं आणि कंगवा तिच्या हातात तसाच राहिला. ते तिचं हसू नव्हतं. ते भय्यासाहेबांचं होतं.

भय्यासाहेब म्हणजे तिच्या बाबांचे थोरले भाऊ. राइट टाउनच्या याच घरात, मागच्या खोलीत ते राहायचे. लग्न केलं नव्हतं. आयुध कारखान्यात नोकरी होती, आणि तोफांच्या चाचण्यांनी त्यांचे कान नेले, असं घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जाई. लहानपणी दुर्वाला त्याचा अभिमान वाटे. शाळेत ती सांगायची, आमच्या काकांनी तोफ इतक्या जवळून ऐकली की नंतर काहीच ऐकलं नाही. सुरुवातीला घर त्यांच्याशी ओरडून बोले. ओरडून बोलायचं तर माणूस कामापुरतंच बोलतो. चहा झाला, पाणी आलं, दिवा बंद करा. मग तेही हातवाऱ्यांवर आलं. पाहुणे जमले की भय्यासाहेब दारातल्या खुर्चीवर बसत, सगळे हसले की हसत, आणि प्रणोती आणि ती, दोघी, त्यांना पकडायला खोटंखोटं हसत. कुणीच काही बोललेलं नसताना दोघी एकदम हसायच्या आणि भय्यासाहेबही लगेच मान हलवून हसायचे. पुढे पुढे त्यांनी खुर्चीवर येणं सोडलं, मग बोलणंच सोडलं. ताट खोलीत जाऊ लागलं. ते गेले त्या दिवशीसुद्धा घरातल्या बोलण्यात खंड पडल्यासारखं कुणाला वाटलं नाही. आणि आता दुर्वाला कधी कधी वाटे की ती गुणगुण त्या मागच्या खोलीतूनच येते. तिथे आता प्रणोतीच्या लग्नाचं सामान ठेवलेलं होतं.

तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच, कारण तिचं कामच ऐकण्याचं होतं. विद्यापीठात भाषाशास्त्र विभागात ती पीएच.डी. करत होती, आणि तिचा विषय होता जबलपूरच्या जुन्या घरांतली मराठी. भोसल्यांच्या काळात चाकरीला आलेली घरं, चहूबाजूंनी हिंदी, आणि मध्ये 'काहून' आणि 'करून राहिलो' जपून बसलेल्या म्हाताऱ्या. त्यांच्याकडे जाऊन, त्यांना बोलतं करून, ते रेकॉर्ड करून, मग हेडफोन लावून शब्द न् शब्द उतरवून काढायचा. हेडफोनवर आवाज पूर्ण मोठा केला की येई. येई असं तिला वाटे. न आलेलं तिला आपोआप कळे, कारण ही तिचीच भाषा होती, पुढचा शब्द कोणता असणार हे तिला आतूनच माहीत असे. तिच्या मार्गदर्शक विनता मॅडम पुण्याहून इथे आल्या होत्या. त्या कौतुकाने म्हणायच्या, "तुझ्यासाठी हे सोपं आहे दुर्वा, तू आत जन्मलीस." सादरीकरण महिन्याभरावर आलं होतं. ते पार पडलं की प्रबंध दाखल.

लेस न घेता ती परतली त्याच आठवड्यात मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. त्या नेहमी खिडकीकडे पाठ करून बसत, त्यामुळे त्यांचा चेहरा अंधारात असे आणि ओठ दिसत नसत. दुर्वा खुर्ची तिरकी करून बसली. मॅडम म्हणाल्या, "गढ्यातल्या माधवीबाईंची धाकटी बहीण गेली ना गं? तू उतरवलेल्या निवेदनात आहे. ताप चढला आणि शकुला घाटावर नेली."

"हो, मॅडम."

"परवा मंडळाच्या कार्यक्रमात माधवीबाई भेटल्या. त्यांच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, पेढा खात. ओळख करून दिली. ही माझी बहीण, शकु."

दुर्वाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अलीकडे असंच वाटायचं. मॅडमनी कॉम्प्युटरवर तो तुकडा लावला, पुन्हा लावला, आणि मग स्वतःच सावकाश म्हणून दाखवला. "ताप चढला, तं शकुले खाटेवरच नेली दवाखान्यात. खाटेवर. तू घाटावर लिहिलंस, आणि दवाखाना गाळलास." दुर्वा मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. ख आणि घ. ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात. मॅडम पुढे म्हणाल्या ते तिला पुरतं ऐकू आलं, कारण त्या उठून जवळ आल्या होत्या. "चूक एकच असेल तर ती चूक आहे. पण ती एकच आहे का, दुर्वा?"

तासाभराने ती शोधार्थींच्या खोलीत बसली होती आणि समोर भिंतीवरचं ध्वनींचं कोष्टक होतं, जे तिनेच पहिल्या वर्षी लावलं होतं. घोष आणि अघोष. बोलताना घशावर बोट ठेवलं तर ज्यांनी बोटाला कंप लागतो ते घोष. ग, घ, द, ब. आणि ज्यांनी घसा हलतच नाही, नुसता श्वास घासून जातो, ते अघोष. क, ख, च, थ, फ, स, श. तिने गळ्यावर बोट ठेवलं आणि स म्हटलं. बोटाला काही लागलं नाही. कानालाही. सकार कधी गेला तिच्यातून? तिने पुन्हा म्हटलं, जोराने, आणि समोरच्या टेबलावरची सोनकली मान वर करून पाहू लागली, तेव्हा तिला कळलं की आवाज झाला आहे.

सोनकली परस्ते डिंडोरीकडची होती, गोंड. गोंडीच्या क्रियापदांवर काम करायची. दोघींची टेबलं समोरासमोर असूनही मैत्री अशी नव्हती. सोनकली कमी बोलायची, आणि दुर्वाला कमी बोलणारी माणसं बरी वाटायची. सोनकली उठून आली, खुर्ची ओढून तिच्या समोर, अगदी उजेडात बसली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "कब से है?"

दुर्वाला कशाचं काय असं विचारता आलं असतं. ती म्हणाली, "पता नहीं. शायद दो साल."

"मुझे लगा था. पीछे से बुलाओ तो तुम आती नहीं. मैं सोचती थी घमंड है." सोनकली हसली नाही. "प्रकोष्ठ में जाओ."

प्रकोष्ठ म्हणजे समान अवसर प्रकोष्ठ, विद्यापीठाचा समान संधी कक्ष. प्रशासनाच्या इमारतीत, जिन्याखालच्या वळणावर त्याची खोली होती. बाहेर मोठा फलक होता, 'आप अकेले नहीं हैं', आणि त्यावर गोल करून उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांचा फोटो. मधोमध सोनकली होती. पारंपरिक लुगडं, गळ्यात नाण्यांची हमेल, कपाळावर गोंदणासारखं काहीतरी रंगवलेलं. दुर्वा वर्षभर त्या फलकाजवळून जात होती, आणि जाताना पाय आपोआप भराभर पडत. सोनकलीने सांगितलं की ती तिथे गेली होती तक्रार घेऊन. तिच्या आधीच्या मार्गदर्शकाने तिच्याकडून दोन वर्षं आपल्या पुस्तकाचं काम करून घेतलं होतं. प्रकोष्ठाने तिला नवा मार्गदर्शक मिळवून दिला, हे खरं. पण आधी फोटो घेतला. लुगडं त्यांनीच आणलं होतं. "मेरे घर में कोई ऐसे नहीं पहनता," सोनकली म्हणाली. "मदद करते हैं, दुर्वा. झूठ नहीं बोलूँगी. लेकिन पहले तुम्हें दीवार पर लगाते हैं."

तरी दुर्वा गेली. प्रकोष्ठाचे प्रमुख गुणवंत सर नागपूरकडचे होते, तिचं पिंपळापुरे आडनाव ऐकून लगेच मराठीत आले, चहा मागवला. ते भले गृहस्थ होते. ऐकताना त्यांचा चेहरा खरोखर दुखरा झाला. तपासणी होईल, यंत्र मिळेल, लिहून घ्यायला मदतनीस मिळेल, मुदतवाढ मिळेल, सगळ्याची तरतूद आहे, आजवर कुणी मागितलीच नव्हती. "खरं सांगू का," ते म्हणाले, "दिव्यांग शोधार्थी आमच्याकडे जवळजवळ नाहीतच. पाहणी पथक येऊन राहिलं आहे, आणि त्या रकान्यात काय दाखवावं ही मला चिंता होती. तुम्ही आलात ते बरंच झालं." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं. त्यांनी कप तिच्याकडे सरकवला. दुर्वाने तो घेतला. दिव्यांग हा शब्द तिने आजवर फक्त बसमधल्या सीटवर लिहिलेला वाचला होता. आता तो टेबलापलीकडून येऊन तिच्या मांडीवर बसला होता आणि त्याला वजन होतं. दारावरून जाणाऱ्या कुणीतरी आत डोकावून पाहिलं. ती उठली. म्हणाली, विचार करून सांगते. तरी तपासणीची वेळ तिने घेतली.

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या पेटीत बसवून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ती बसून राहिली. पेटीत गुणगुणीशिवाय काहीच नव्हतं, आणि काचेपलीकडची मुलगी कुठलीतरी चकती फिरवत होती, पुन्हा फिरवत होती, आणि तिच्या भुवया हळूहळू जवळ येत होत्या. बटण दाबलंच नाही तर बरं दिसणार नाही म्हणून दुर्वाने मधूनच ते दाबलं. मुलगी चकतीवरून नजर उचलून तिच्याकडे पाहू लागली. आवाज नव्हताच त्या वेळी. नंतर डॉक्टर सांगत होते की हे घराण्यातून येतं, आतली नस हळूहळू झिजते, आणखी झिजेल. किती, ते सांगता येत नाही. घरी कुणाला होतं का? तिने तोंड उघडलं आणि तोफांची गोष्ट तिच्या जिभेवर तयार होती. ती तिने गिळली.

आई गॅलरीत मटार सोलत बसली होती. दुपारचं ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं. दुर्वा समोर बसली, शेंगा ओढून घेतल्या आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. आईचे हात थांबले नाहीत. "भय्यासाहेबांचं कारखान्यामुळं झालं," आई म्हणाली.

"आई, ते हिशोब खात्यात होते. तोफेजवळ कधी गेले ते?"

दाणे टपाटप भांड्यात पडत असणार. आईने आणखी मूठभर शेंगा पुढे ओढल्या. मग म्हणाली, "त्यांच्या वडिलांचे पण गेले होते. हे सांगितलं असतं तर तुझ्या बाबांना मुलगी कोणी दिली असती? मला कुठं सांगितलं होतं. लग्न होऊन इथं आली, तेव्हा समजलं." तिने हातातली शेंग बाजूला ठेवली. "आता प्रणोतीचं ठरून राहिलं आहे. अंबरीशच्या घरचे, नागपूरचे, चांगले लोक आहेत. त्यांच्या कानावर गेलं की या घरात हे असं आहे..."

"मी त्यांना नाही सांगून राहिली. मी विद्यापीठात सांगणार आहे."

"विद्यापीठ आणि नागपूर काही लांब नाही. भिंतीवर फोटो लावतात म्हणे." आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज कसा होता ते दुर्वाला कळलं नाही. "साखरपुडा होऊन जाऊ दे. टायफॉइडमध्ये कान गेले म्हणू आपण. एवढं काहून तुला जमत नाही?"

"सादरीकरण आधी आहे, आई. मी खोटं उतरवलेलं वाचू?"

त्या दिवसापासून आई तिच्याकडे पाठ करून बोलू लागली. भांडण नव्हतं. आई ओट्याकडे तोंड करून बोले, कपाटात डोकं घालून बोले, चालता चालता बोले. पाठीच्या हलण्यावरून दुर्वाला कळे की आई बोलते आहे. काय, ते कळत नसे. मुद्दाम करते का हे विचारायची तिची हिंमत होत नव्हती, कारण हो असं उत्तर आलं असतं तर ते तिला पाठीवरून वाचताही आलं नसतं. घरात आवाज होता तो प्रणोतीचा. धाकटी प्रणोती पहिल्यापासून बडबडी, समोरच्याला बोलूच न देणारी. ती साड्यांबद्दल बोले, अंबरीशच्या बँकेतल्या गमतींबद्दल बोले, आणि दुर्वा तिच्या तोंडाकडे बघत शांत बसून राही. तेवढाच विसावा होता.

सादरीकरणाआधी ती सोनकलीला घेऊन गढ्यात, शहराच्या जुन्या भागात गेली. माधवीबाईंच्या घराची गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने कुणाच्या तरी उंबऱ्यात चढावं लागे. दोघी म्हाताऱ्या बाजेवर बसल्या होत्या. शकुमावशींना पाहून दुर्वा उंबऱ्यातच थांबली. त्या हसत होत्या, त्यांचे दात पुढे होते, पायात जोडवी होती. ज्यांना आपण जाळून आलो त्या आता चहा ठेवायला उठत आहेत. तिने काय झालं ते सांगितलं. शकुमावशी हसतच राहिल्या. "मले घाटावर पोचवलं का गं तू? थांबली असती थोडी." माधवीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दुर्वाची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला, आणि त्या मोठ्या, संथ आवाजात बोलू लागल्या.

"आम्हाले माहीत होतं ना, पोरी. पहिल्याच दिवशी मी शकुले म्हटलं, ही भय्यासाहेबाच्या घरची आहे. डोळ्यात पाहून नाही राहिली, तोंडाकडे पाहून राहिली."

"मग सांगितलं काहून नाही, मावशी?"

"कसं सांगावं? तुले वाटलं असतं, ह्या बुढ्या नाव ठेवून राहिल्या. म्हणून आम्ही जोरात बोलत होतो."

जोरात बोलत होत्या. दुर्वाने लिहिलं होतं, या घरांतल्या बायका उंच पट्टीत बोलतात, हे इथल्या मराठीचं एक वैशिष्ट्य असावं. एक पूर्ण परिच्छेद होता त्यावर. म्हणजे तिला स्वतःला कळायच्या आधी गढ्यातल्या बाजेवर ते कळलं होतं. आणखी कुठे कुठे कळलं असेल? कुणाकुणाने एकमेकांकडे पाहून आवाज चढवला असेल, तिच्यासमोर, तिच्या देखत? ज्या ज्या घरी ती गेली होती त्या सगळ्या बैठका तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रत्येक बैठकीत माणसं तिच्या डोक्यावरून एकमेकांना खुणा करत होती.

त्या दिवसापासून सोनकली आणि ती रोज रेकॉर्डिंग ऐकायला बसू लागल्या. सोनकलीला मराठी येत नव्हती, आणि त्याचाच उपयोग झाला. तिला पुढचा शब्द आतून माहीत नव्हता. ती नुसता ध्वनी ऐके, समोर बसून तो उच्चारून दाखवी, कागदावर लिही, आणि दुर्वा आपलं लिहिलेलं शेजारी ठेवी. चुका खूप होत्या, पण दुर्वाला धडकी भरली ती संख्येने नाही. एका बाईने म्हटलं होतं, माझी लेक सासरी सुखात होती. दुर्वाने लिहिलं होतं, दुखात होती. सकार गळाला होता आणि रिकाम्या जागी तिने द ठेवला होता. कुणी सुटलं तिथे तिने कुणी तुटलं लिहिलं होतं. जिथे जिथे आवाज हरवला होता तिथे तिच्या मनाने आपल्याजवळचं घातलं होतं, आणि मनाजवळ एकच रंग होता. शहरातल्या म्हाताऱ्यांची आयुष्यं तिने मिणमिणती करून टाकली होती. त्या हसून सांगत होत्या आणि ही बसून रडकं उतरवत होती. सोनकलीने तो कागद पाहिला, अर्थ विचारला, आणि ऐकल्यावर तिच्या खांद्यावर हात ठेवून उठून गेली. परत आली ती दोन समोसे घेऊन.

सादरीकरणाच्या दिवशी गुणवंत सरांनी तिच्यासाठी सभागृहातलं पडद्याजवळचं टेबल उजेडात सरकवून ठेवलं होतं. विनता मॅडमना तिने आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या होत्या, "माझ्यावरही प्रश्न येतील, तुला कल्पना आहे ना?" आणि मग, दारापर्यंत सोडायला येऊन, "तरी बोल." दुर्वा उभी राहिली. समोर समिती, मागे विद्यार्थी, सगळ्यांची तोंडं. ती म्हणाली की तिची श्रवणशक्ती जाते आहे, जात राहील, तिने उतरवलेल्या निवेदनांत गंभीर चुका सापडल्या आहेत, आणि सोनकली परस्ते यांच्या मदतीने ती सगळं पुन्हा तपासते आहे, तोवर प्रबंध दाखल करणार नाही. स्वतःचा आवाज तिला कवटीच्या हाडातून येत होता, विहिरीत बोलल्यासारखा. बोलणं संपलं आणि सगळं स्थिर झालं. मग तोंडं हलू लागली. मागच्या रांगेत, कडेला, मधोमध. कोण बोलतंय, तिच्याशी बोलतंय की एकमेकांशी, काही कळेना. बाहेरून आलेले तज्ज्ञ हाताची मूठ ओठांवर ठेवून काहीतरी विचारत होते आणि उत्तराची वाट पाहत थांबले होते. ती हसणार होती. हसू तिच्या गालांपर्यंत येऊन पोचलंही होतं. तिने ते परत पाठवलं आणि म्हणाली, "सर, हाथ हटाकर बोलेंगे? मुझे आपके होंठ देखने हैं." सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं असावं, कारण सोनकलीने एकदम मागे वळून पाहिलं. तज्ज्ञांनी हात खाली घेतला. प्रश्न साधाच होता.

समितीने एक वर्ष दिलं. सगळी निवेदनं पुन्हा तपासायची, दुसरी श्रोती म्हणून सोनकलीचं नाव घालायचं. मॅडम मार्गदर्शक राहिल्या, पण पुढच्या वर्षीचे नवे शोधार्थी त्यांच्याकडे दिले गेले नाहीत, आणि त्या दुर्वाशी पूर्वीसारख्या चहाला थांबेनाशा झाल्या. गुणवंत सर फोटोसाठी एकदा विचारून गेले. तिने नको म्हटलं. त्यांनी मान डोलावली, आणि ठरल्याप्रमाणे यंत्रं आणून दिली, कानामागे बसणारी, मातकट रंगाची. पहिल्या दिवशी सगळं एकदम अंगावर आलं. कागद फाटावा तसं आलं. नळ, पंखा, चपला, स्वतःचं गिळणं. तिने ती काढून डबीत ठेवली, पुन्हा घातली. नागपूरचे लोक येऊन गेले, साखरपुडा झाला, कुणी काही विचारलं नाही. केस मोकळे सोडून यंत्रं झाकून ती कोपऱ्यात उभी राहिली होती. आई त्या दिवसापासून पुन्हा तिच्याकडे तोंड करून बोलू लागली.

डिसेंबरच्या एका दुपारी दोघी बहिणी मागच्या खोलीत साड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. आई बँकेत गेली होती. खिडकीतून ऊन आलं होतं आणि प्रणोती खाली मान घालून, निऱ्या जुळवत, अखंड बोलत होती. लग्नात कुणी काय नेसायचं, फिरायला भेडाघाटला नेलं तर अंबरीशला नावेत भीती वाटेल का. दुर्वाच्या कानांत ते सगळं धातूच्या पत्र्यावरून आल्यासारखं येत होतं, पण येत होतं, शेवटच्या अक्षरासकट. मग एक बारीक, किरटा आवाज सुरू झाला. तिला वाटलं यंत्रच वाजतं आहे. तिने कानामागे हात नेला. आवाज साड्यांखालून येत होता. प्रणोतीचा फोन, तिच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. प्रणोती बोलत राहिली. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. दुर्वाला वाटलं, अंबरीशचा असेल, भांडण झालं असेल, मुद्दाम उचलत नसेल. तिने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे रुसवा नव्हता, कुठलीच खबर नव्हती. ती हातातली निरी नखाने दाबून बसवत होती.

"प्रणोती," दुर्वा म्हणाली. नेहमीच्या आवाजात.

प्रणोतीने दुसरी साडी ओढली आणि कोसा रेशमाच्या किमतीबद्दल सांगू लागली.

फोन थांबला. खोलीत आता फक्त प्रणोतीचं बोलणं होतं, एकसारखं, कुठेही फट न ठेवणारं. दुर्वाने साडी बाजूला ठेवली. ती सरकत पुढे आली आणि तिने बहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला. प्रणोती दचकली. दचकून हसली. "उद्या माझ्याबरोबर चल," दुर्वा सावकाश म्हणाली, "एका ठिकाणी जायचं आहे," आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रणोतीचे डोळे, किती दिवसांच्या सवयीने, तिच्या ओठांवर येऊन थांबलेले होते.